पाय बघायला आलेले काका

माझ्या मुलीचे पाय पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला रडू आलं नाही. ते नंतर आलं. त्या क्षणी मी नुसती बघत राहिले. दोन्ही पावलं आत वळलेली होती, तळवे एकमेकांकडे तोंड करून होते, टाचा वर पोटरीकडे ओढलेल्या. बाकी सगळं जिथल्या तिथे. नर्सनं घाईघाईनं दुपटं पायांवर ओढलं, तसं मी ते पुन्हा बाजूला केलं.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी माल तपासायचं काम करते. लोखंडी सुटे भाग हातात घ्यायचे, फिरवून बघायचे, कुठे बाक आहे का, कुठे खाच राहिलीय का ते शोधायचं. त्या सवयीनं मी तिचं इवलंसं पाऊल हातात धरून हळूच फिरवून पाहिलं. ते थोडंसं फिरलं आणि सोडल्यावर परत आत गेलं. मला वाटलं, जे थोडं फिरतं ते अजूनही फिरत असेल. कुणाला विचारायचं ते मात्र कळत नव्हतं.

विचारायच्या आधीच सांगणारे खूप भेटले. आमच्या चंदनसारच्या सोसायटीतल्या एका बाईंनी सांगितलं, वर्षाची होऊ दे, मग ऑपरेशन. बाळाला मालिश करायला येणारी म्हणाली, रोज तेल लावून ओढते, सहा महिन्यांत सरळ होतील. माझी आई नंदाखालहून बाळंतपणासाठी आली होती. तिनं एक दिवस डिंकाचे लाडू वळता वळता, माझ्याकडे न बघता विचारलं, "ग्रहणाच्या दिवशी काही चिरलं होतंस का गं?"

मी आठवून पाहिलं. गरोदरपणात एक ग्रहण होऊन गेलं होतं खरं, पण त्या दिवशी मी कामावर होते, आणि काय चिरलं, काय कापलं, कसं आठवणार? रागही आला आणि मी आठवतही राहिले. दुसरं काही कारण हाताशी नव्हतं ना.

पहिल्या लसी द्यायला गेलो तेव्हा तिथल्या आरोग्यसेविकेनं दुपटं उघडलं, पाय बघितले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "क्लबफूट आहे. सरकारी रुग्णालयात मंगळवारी हाडांच्या डॉक्टर येतात, त्या हेच करतात. येत्या मंगळवारीच जा. फुकट आहे, आणि जेवढं लवकर जाल तेवढं बरं." तिनं ते सर्दीचं औषध सांगावं तसं सांगितलं. त्यामुळेच मला धीर आला असावा.

मंगळवारी मी, नवरा आणि बाळ, तिघं गेलो. हाडांच्या विभागाच्या बाहेर लांबच लांब बाक होते. कंबर धरून बसलेले, गळ्यात हात अडकवलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले लोक होते. कोपऱ्यातल्या एका छोट्या खोलीत मात्र सगळी तान्ही बाळं. कुणाच्या एका पायाला प्लास्टर, कुणाच्या दोन्ही. एका टबात कोमट पाणी होतं आणि त्यात एका बाळाचं जुनं प्लास्टर भिजत होतं. बाळ मजेत पाणी उडवत होतं. माझ्या मुलीसारखे पाय जगात आणखी कुणाचे असतील असं मला तोवर खरंच वाटलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्यापेक्षा लहानच असतील. त्यांनी मला बाळाला पाजायला बसवलं. "तोंड चालू असलं की पाय ढिले सोडते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पाऊल हातात घेतलं आणि त्या दोन बोटांनी ते नुसतं चाचपत राहिल्या. मला वाटलं होतं ओढतील, दाबतील, बाळ किंचाळेल. तसं काहीच झालं नाही. त्यांचा अंगठा एका जागी टेकलेला आणि दुसरा हात पावलाला इतका हळू बाहेर नेत होता की हालचाल दिसतच नव्हती. मग कापूस, मग ओल्या पट्ट्या, बोटांपासून पार मांडीपर्यंत. गुडघ्यात वाकवून.

"बोटं बघत राहायची," त्यांनी बजावलं. "दाबलं की पांढरी झाली पाहिजेत आणि सोडलं की परत गुलाबी. निळी पडली, सुजली, तर मंगळवारची वाट बघायची नाही."

घरी आल्यावर मी दिवसभर बोटं दाबत बसले. दहाही बोटं गुलाबी होत होती.

दर आठवड्याला जुनं प्लास्टर निघायचं आणि नवीन चढायचं. जुनं निघालं की त्या मधल्या थोड्या वेळात पाय मोकळे असायचे, आणि मी त्यांचा फोटो काढायची. एका आठवड्यात काय फरक पडणार असं वाटायचं. पण घरी येऊन आधीच्या फोटोशेजारी ठेवला की फरक दिसायचा. आधी तळव्यातली खोल घडी उलगडली. मग अंगठा इतर बोटांच्या रांगेत आला. मग सगळं पाऊल बाहेरच्या बाजूला वळायला लागलं. रात्रीत पालवी फुटावी तसं ते चाललं होतं, आपण बघत असताना काही घडत नाही आणि नंतर बघावं तर घडलेलं असतं.

तिसऱ्या की चौथ्या वेळी मी न राहवून विचारलं, "डॉक्टर, तुम्ही अंगठा नेमका कशावर ठेवता?"

त्या थांबल्या. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "बोट द्या इकडे." माझं बोट धरून त्यांनी ते मुलीच्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या किंचित पुढे टेकवलं. "लागतंय काही?"

"हो. वाटाण्याएवढं काहीतरी."

"तेच. हे हाड जागेवर आहे. बाकीचं पाऊल त्याच्याभोवती आत सरकलंय. मी याला नुसतं धरून ठेवते आणि बाकीच्यांना बाहेर बोलावते. जोर लावायचा नाही."

"पण हाडं अशी वळतात?"

"यातली कितीतरी अजून हाडं झालेलीच नाहीत. कानाचं वरचं टोक कसं वाकतं, तसलं आहे सगळं. म्हणून तर आता करायचं."

"आणि असं झालं कशामुळे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते नक्की कुणालाच माहीत नाही. पण तुम्ही काही केल्यामुळे नाही, एवढं माहीत आहे."

त्यानंतर मला एक खोडच लागली. रिक्षात, बाजारात, सोसायटीच्या जिन्यात, मी माणसांचे पाय बघायला लागले. कुणाची टाच एका बाजूनं झिजलेली, कुणाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला, कुणी फेंगडं चालतं, कुणी चवड्यांवर. सगळ्यांचे पाय सारखे असतात असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि दोन सारखे पाय मला कुठे सापडेनात.

बाळंतपणाच्या रजेत काही दिवस मी नंदाखालला माहेरी राहायला गेले. मुलीच्या दोन्ही पायांना प्लास्टर, तिला मांडीवर घेतलं की दोन दगड घेतल्यासारखं वाटायचं. एका रविवारी नवरा आला आणि म्हणाला, "चल, जरा कळंबला समुद्रावर जाऊन येऊ. किती दिवस केळी आणि नारळच बघतेयस." आम्ही रिक्षानं गेलो. सहलीला आलेल्या लोकांची गर्दी टाळून, जिथे होड्या ओढून ठेवतात त्या बाजूला सुरूच्या सावलीत बसलो.

थोड्या वेळानं होड्यांकडून एक म्हातारे गृहस्थ आमच्या दिशेनं यायला लागले. अजून लांब होते, चेहरा दिसत नव्हता, पण चाल दिसत होती. एका पायाला दुसऱ्या पायावरून उचलून पुढे ठेवावं तसे ते चालत होते, एका बाजूला झुकून, मग दुसऱ्या. जवळ आले तेव्हा मी पाय पाहिले. दोन्ही पावलं आत वळलेली. ते तळव्यावर चालत नव्हते, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होते. हे पाय मी पाहिले होते. मोठे, काळे, रापलेले होते, पण तेच होते.

ते बघत होते मुलीच्या प्लास्टरकडे.

"पोरीचे पाय मोडले काय, बाय?"

"नाही काका. जन्मतःच वाकडे होते. सरळ करतायत."

"कोन?"

"सरकारी दवाखान्यात, डॉक्टर."

"कापून?"

"कापत नाहीत. हातानं वळवतात आणि प्लास्टर घालतात. दर मंगळवारी थोडे थोडे."

"हातानं?" ते वाळूत बसले. बसताना हात टेकून, पाय एका बाजूला काढून. "हातानं कसे वलतील?"

मी मोबाइल काढून फोटो दाखवले. सगळ्यात पहिला फोटो त्यांनी खूप वेळ बघितला. मोबाइल हातात धरला, उन्हाकडे पाठ केली, पुन्हा बघितला. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"हे तं माजेच पाय हायेत," ते म्हणाले.

मी पुढचे फोटो सरकवत गेले. एक एक. शेवटच्या फोटोत पावलं जवळजवळ सरळ दिसत होती. तो बघून ते हसले, आणि मला जे अपेक्षित होतं त्यातलं काहीच बोलले नाहीत. हळहळले नाहीत, नशिबाला बोल लावला नाही. म्हणाले, "मना बघायचंय. ती बाई कशी वलवते ते. मंगलवारी मी आलो तं चालंल?"

त्यांनी आयुष्यभर मासेमारी केली होती, आता ते जाळी दुरुस्त करतात. घरी मुलगा, सून, नातवंडं. त्यांच्या आईला गावातले लोक म्हणायचे, ग्रहणात जाळं कापलंस म्हणून पोर असं झालं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे पाहिलं. आमच्याकडे भाजी, त्यांच्याकडे जाळं.

परत येताना नवरा काळजीत होता. "तू त्यांना ये म्हणायला नको होतंस. आशेनं येतील. तिथे सांगतील, आता तुमचं काही होणार नाही. मग?"

मलाही तीच भीती होती. पण त्यांनी स्वतःच्या पायांबद्दल काही विचारलंच नव्हतं. त्यांना बघायचं होतं. मलाही पहिल्या दिवसापासून तेच तर हवं होतं, बघायला मिळणं.

मंगळवारी आम्ही पोचलो तर ते आधीच बाकावर बसलेले. पांढरा धुतलेला सदरा, केस चापून बसवलेले. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "एक काका आले आहेत. त्यांचे पाय असेच आहेत. त्यांना फक्त बघायचंय." डॉक्टर म्हणाल्या, "बोलवा."

काका भिंतीला टेकून उभे राहिले. टबात प्लास्टर भिजलं, निघालं, पाय मोकळे झाले. मी मुलीला पाजायला घेतलं. डॉक्टरांनी पाऊल हातात धरलं. काका एकेक पाऊल पुढे येत येत अगदी टेबलाजवळ आले. त्यांचे ओठ किंचित उघडे होते. माझी मुलगी दूध पिता पिता तिरक्या नजरेनं त्यांच्याकडे बघत होती.

"ओढत नाय तुमी," ते हळू आवाजात म्हणाले.

"नाही ओढत."

"मंग कसं येतं?"

"वाट बघते," डॉक्टर म्हणाल्या. "थोडं ढिलं पडलं की थोडं पुढे. परत वाट बघते."

प्लास्टर झाल्यावर हात धुताना डॉक्टरांनी विचारलं, "काका, तुमचे पाय मी बघू?"

ते लाजले. "माजं ऱ्हाऊ द्या. मी तिचं बघाया आलोय."

"मलाही बघायचेत," डॉक्टर म्हणाल्या. "असे पाय मी पुस्तकात पाहिलेत. इतक्या मोठ्या माणसाचे, जवळून कधी नाही."

यावर काका मोठ्यानं हसले. बाकावर बसले आणि चपला काढल्या. टायरच्या रबराच्या होत्या, त्यांनीच कापून शिवलेल्या, एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला पातळ. पावलाच्या बाहेरच्या कडेवर इतकी जाड कातडी होती की ती दुसरी टाचच वाटावी. डॉक्टरांनी स्टूल ओढून त्यांचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं आणि अंगठा नेमका त्याच जागी टेकवला.

"इकडे या," त्यांनी मला हाक मारली. "बोट ठेवा."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी बोट ठेवलं. तेच हाड. मुलीचं वाटाण्याएवढं होतं, हे मोठ्या बोराएवढं, दगडासारखं घट्ट, पण अगदी त्याच ठिकाणी. काकांनी स्वतःचं बोटही तिथे टेकवून पाहिलं. "हां. हाय," ते म्हणाले. इतकी वर्षं त्याच पायावर उभं राहून ते हाड आज त्यांना भेटलं होतं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच. सरळ विचारला. "माजे आता होतील काय?"

डॉक्टरांनीही सरळ उत्तर दिलं. "प्लास्टरनं नाही होणार. मोठं ऑपरेशन करावं लागेल, हाडं कापून जोडावी लागतील. ते करता येतं. पण मग पाऊल घोट्याखाली कडक राहील, आणि खूप महिने जातील. तुम्हाला पाय दुखतात?"

"पाय नाय दुखत. गुडगे दुखतात. होडीतनं उतरताना."

"गुडघ्यांचं बघता येईल. समोरच्याच खोलीत व्यायाम शिकवतात. आणि तुमच्या मापाचे बूट करून मिळतील, दिव्यांगांच्या शिबिरात. मी लिहून देते."

काका थोडा वेळ आपल्या पायांकडे बघत बसले. माझ्या नवऱ्यानं खाली मान घातली होती. मग काका म्हणाले, "ऑपरेशन नको. हे पाय चालतायत." आणि चपला घालून समोरच्या खोलीत गेले. तिथे एक मुलगा त्यांना पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबायला शिकवत होता. काका मन लावून दाबत होते.

त्यानंतरचे मंगळवार माझे, मुलीचे आणि काकांचे झाले. ते व्यायामाला यायचे आणि मधल्या वेळात आमच्या खोलीत डोकावायचे.

शेवटी टाच उरली. पाऊल बाहेर वळलं तरी टाच वरच ओढलेली होती. टाचेमागची दोरीसारखी शीर आखूड आहे, ती कापावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी हादरले. "कापल्यावर परत जोडणार कशी?"

"मी नाही जोडत. ती आपली आपण जुळते, तीन आठवड्यांत. आणि जुळताना जरा लांब होऊन जुळते."

हे मला खरं वाटेना. लोखंडाचं असं काही होत नाही. मी आत थांबायची परवानगी मागितली. तिथली जागा बधिर केली आणि एक अगदी बारीकसा छेद दिला, रक्ताचे दोन थेंबच आले. डॉक्टर म्हणाल्या, "सुटली." मला काही ऐकू आलं नाही, पण दिसलं. इतके दिवस खाली न येणारी टाच अलगद खाली आली आणि पाऊल वर उठलं. मुलगी रडत होती, आणि मला तिच्याबरोबर रडू यायला लागलं. पहिल्या दिवशी जे राहून गेलं होतं ते सगळं.

तीन आठवड्यांनी ते प्लास्टर निघालं. पाय सरळ होते. आमच्यासारख्यांना वाटतं तिथे गोष्ट संपली. तिथून पुढेच खरी कसोटी होती.

मुलीला बुटांची एक जोडी मिळाली, दोन बुटांच्या मध्ये लोखंडी दांडी, बूट बाहेरच्या बाजूला वळवून पक्के केलेले. आधी काही महिने जवळजवळ दिवस-रात्र घालायचे, मग चार-पाच वर्षांची होईपर्यंत झोपताना. नाहीतर पाय परत आत जातात. सुरुवातीला मी घरीच होते, ती रडली तरी मी घालत राहिले, आणि तिला सवय झाली. मग मी कामावर रुजू झाले. पाळ्या बदलायच्या, नवऱ्याचंही तेच. म्हणून आठवडाभर मुलीला नंदाखालला आईकडे ठेवायचं आणि सुट्टीच्या दिवशी चंदनसारला आणायचं असं ठरलं.

काही आठवड्यांत मला एक गोष्ट खटकायला लागली. आमच्याकडे आली की ती दांडीला इतकी रडायची, जणू नवीनच घालतोय. पाय वाढले म्हणून नुकतेच मोठे बूट मिळाले होते, ते एका सुट्टीच्या दिवशी मी हातात घेऊन नीट तपासले. चामडी पट्ट्यांची भोकं जवळजवळ कोरी होती. रोज बक्कल लावलं तर भोक थोडं तरी ताणतं, चामड्यावर चुणी पडते. इथे चुणी जेमतेम होती.

मी नंदाखालला गेले. आई विहिरीजवळ अळूची पानं काढत होती.

"आई, दांडी रोज घालतेस ना?"

"घालते की."

"रात्रभर?"

ती पानं एकावर एक रचत राहिली. "रडते ती. मग काढते जराशी."

"जराशी म्हणजे?"

"अगं, पाय सरळ झालेत ना आता? तुझ्या डॉक्टरनीच केलेत ना? मग लेकराला खुंट्याला बांधल्यासारखं कशाला ठेवायचं? मला नाही बघवत."

आमचं भांडण झालं. मी नको ते बोलले, तीही बोलली. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी टाच दाबून बघितली आणि म्हणाल्या, "ओढायला लागलीय परत." पुन्हा प्लास्टर. डॉक्टर रागावल्या नाहीत. "घराघरांत हेच होतं," एवढंच म्हणाल्या. "आजीला समजवा." आजीला समजवणं मला जमलं नव्हतं.

ते प्लास्टर अंगावर असतानाच एका सकाळी काका नंदाखालला आले. त्यांची सून आमच्या बाजूला मासे विकायला यायची, तिच्याबरोबर आले. त्या दिवशी मी रजेवर होते. मंगळवारी त्यांची-आमची चुकामूक झाली होती आणि पुन्हा प्लास्टर घातल्याचं त्यांना दवाखान्यात कळलं होतं. हातात सुकटाची पिशवी. आई ओटीवर उभी राहून त्यांना वाडीतल्या वाटेनं येताना बघत होती. मी तिला त्यांच्याबद्दल सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं. ती त्यांच्या पायांवरून नजर हलवू शकत नव्हती.

चहा झाला. मला धाकधूक होती की आता काका आईला काहीतरी सुनवतील. पण दांडी आईनं काढली हे त्यांना माहीतच नव्हतं. ते मुलीशी खेळत बसले. शेवटी आईनंच तोंड उघडलं.

"दादा, राग येऊ देऊ नका. लहानपणी फार त्रास झाला का हो?"

"त्रास कसला?" काका म्हणाले. "होडीत बसल्यावर कोनाचे पाय कोन बघतो? लगीन झालं, पोरं झाली. माजे पाय वंगाल नायत." त्यांच्या आवाजात कुठे कडवटपणा नव्हता. मी मनात म्हटलं, झालं, आता आईला आणखी बळ मिळणार.

आई त्यांच्या चपलांकडे बघत होती. त्या पायरीखाली काढून ठेवलेल्या होत्या, टायरच्या, एका बाजूला उंच. "या कुठून घेतल्या?"

"घरीच बनवतो. आमचा बाप बनवायचा, मंग मी शिकलो. दुकानातली चप्पल मी कदी घातलीच नाय. लग्नात पन नाय." ते सहज बोलले. "बूट देनार हायेत आता शिबिरात. बघू."

काका गेल्यावर आई बराच वेळ ओटीवर बसून होती. संध्याकाळी मुलीचं अंग पुसायची वेळ झाली तेव्हा मला म्हणाली, "लग्नात पण नाही गं." मग थोड्या वेळानं, "प्लास्टर निघालं की दांडी कशी लावायची ते मला परत नीट दाखव. बक्कल माझ्याच्यानं घट्ट होत नाही."

बक्कल तिला घट्ट होत नव्हतं हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. तिच्या बोटांची पेरं सुजलेली असतात, वर्षानुवर्षं वाडीत काम करून वाकडी झालेली. मुलीच्या पायांकडे महिनोन् महिने इतकं निरखून बघणाऱ्या मला आईची बोटं दिसली नव्हती. पुढच्या वेळी मी तिलाही मंगळवारी बरोबर नेलं. बूट बदलून वेगळ्या पट्ट्यांचे मिळाले, आणि तिच्या बोटांसाठी गरम पाण्यात हात बुडवून करायचे व्यायाम. ती ते करते की नाही मला माहीत नाही. विचारलं तर "करते की" म्हणते.

दांडी मात्र त्यानंतर निघाली नाही. मुलगी रडायची, मग रडणं कमी झालं, मग ती दांडीसकट दोन्ही पाय एकदम उचलून गादीवर आपटायला शिकली, आणि आईला त्याचं हसू यायला लागलं. ती उशिरा चालली, पण चालली. तळवे पूर्ण टेकवून.

काकांना बूट मिळाले. जमिनीवर घालतात, होडीत नाही. गुडघ्यांचा व्यायाम त्यांनी काही महिने केला, मग सोडला, मग दुखायला लागल्यावर पुन्हा धरला. आता वर्षातून एक-दोनदा आम्ही कळंबला जातो. मुलगी त्यांच्यापुढे बसून त्यांच्या पायांना हात लावून बघते आणि "दुखतं?" असं विचारते. दर वेळी विचारते. तेही दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देतात.

परवा दांडी कायमची काढायची की नाही हे ठरवायला गेलो होतो. डॉक्टर त्याच आहेत, खोली बदललीय. त्यांनी मुलीला खोलीभर पळायला लावलं, चवड्यांवर चालवलं, मग टाचांवर. पोटऱ्या तिच्या बारीक आहेत, त्या तशाच राहतील म्हणाल्या. मग शेवटचं, "आता उकिडवी बस. टाचा जमिनीला टेकवून."

मुलगी पटकन बसली. टाचा टेकलेल्या, हात गुडघ्यांवर, एखादी म्हातारी बाई शेकोटीपुढे बसते तशी. डॉक्टर वाकून बघत राहिल्या.

"तुम्ही पण बसा," मुलगी म्हणाली.

डॉक्टर हसल्या. मग खरंच बूट काढून तिच्यासमोर उकिडव्या बसायला गेल्या, आणि त्यांच्या टाचा उचलल्या. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोल गेला आणि त्या मागे जमिनीवर बसल्या. मुलगी आपल्या जागेवरून न हलता त्यांच्या टाचांकडे गंभीरपणे बघत म्हणाली, "हळूहळू होईल."